डळमळता उंदीर आणि स्मृतीचा राखणदार

इ. स. १९५१ सालीं ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ ह्या आनुवंशशास्त्राच्या नियतकालिकांत एडिंबरो येथील डग्लस फाल्कनर ह्या शास्त्रज्ञांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. उंदरांच्या दोन सदोष वाणांचें त्यांत वर्णन होतें. एक वाण थरथर कांपणारा. दुसरा झोकांड्या खात चालणारा. ह्या दुसऱ्या वाणाचीं पिलें दोन आठवड्यांचीं होतात न होतात तोंच त्यांचा तोल जाऊं लागे. चालतां चालतां तीं कुशीवर कलंडत, पुन्हां उठत, पुन्हां कलंडत. झिंगलेल्या माणसाच्या चालीला इंग्रजींत जो शब्द आहे, त्यावरून फाल्कनर यांनीं ह्या वाणाला ‘रीलर’ असें नांव दिलें.

अशा उंदराचा कोणाला काय उपयोग, असें त्या वेळीं कोणी विचारलें असतें, तर ‘आज तरी कांहीं नाहीं’ हेंच प्रामाणिक उत्तर ठरलें असतें. परंतु शास्त्राचा हिशेब दुकानाच्या रोजमेळासारखा संध्याकाळीं मिटत नाहीं. त्या निबंधानंतर बहात्तर वर्षांनीं, इ. स. २०२३ सालीं, दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांतल्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या कुळांत विस्मृतीचा रोग ऐन चाळिशींत माणसाला गांठतो. हा मनुष्य मात्र त्या वयानंतरहि जवळजवळ दोन तपें शाबूत राहिला. त्याचें कारण शोधतां शोधतां वैद्यांना ह्याच डळमळत्या उंदरापाशीं यावें लागलें. उंदराच्या झोकांडीपासून माणसाच्या स्मृतीपर्यंत पोंचणारा हा धागा म्हणजे एक प्रथिन आहे. त्याचें नांव रीलिन. त्याचा इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

ह्या इतिहासाचीं मुळें उंदराच्याहि पुष्कळ मागें जातात. इ. स. १९०६ हें वर्ष मेंदूच्या अभ्यासांत दोन कारणांनीं संस्मरणीय ठरलें. त्या वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें भरलेल्या वैद्यांच्या सभेंत डॉ. आलोइस अल्झायमर यांनीं एका स्त्रीची हकीकत सांगितली. वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं ती फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत दाखल झाली होती. तिचें स्मरण ढासळत गेलें, वाचा ढासळत गेली, आणि पांच वर्षांच्या आंत ती वारली. तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनीं रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले तेव्हां डॉ. अल्झायमर यांना दोन प्रकारच्या विकृति आढळल्या. पेशींच्या बाहेर गाळासारखे सांचलेले ठिपके, ही पहिली. आणि पेशींच्या आंत पीळ पडलेल्या तंतूंचे गुंते, ही दुसरी. ठिपक्यांतील द्रव्य म्हणजे ॲमिलॉइड आणि गुंत्यांतील द्रव्य म्हणजे टाउ, ह्या दोन्ही प्रथिनांची ओळख पटावयास मात्र पुढें कित्येक दशकें जावीं लागलीं.

त्याच वर्षीं स्पेन देशाचे सान्तियागो रामोन इ काहाल यांना इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. मेंदू हें एकसलग विणलेलें जाळें नसून स्वतंत्र मज्जापेशींचा समुदाय आहे, हा काहाल यांचा सिद्धांत. त्यांनीं व स्वीडनच्या गुस्ताफ रेट्झियस यांनीं १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. गर्भाच्या आणि नवजात अर्भकाच्या मेंदूंत अगदीं वरच्या थरांत कांहीं निराळ्याच आडव्या पेशी दिसतात. वय वाढतें तशा त्या बहुतेक नाहींशा होतात. ह्या पाहुण्या पेशी कशासाठीं येतात आणि कोठें जातात, हें त्या काळीं कोणालाच उमगलें नाहीं. शास्त्रानें त्यांना काहाल-रेट्झियस पेशी असें नांव दिलें आणि पान उलटलें.

मज्जापेशी जर एकमेकींपासून वेगळ्या, तर त्यांना आपापल्या जागीं बसवितें कोण, आणि बसल्यावर शेजारणीशीं जोडून ठेवतें कोण, हा प्रश्न काहाल यांच्या सिद्धांतांतूनच उभा राहतो. त्याच्या उत्तराची पहिली चाहूल एडिंबरोच्या त्या उंदरांनीं दिली. हा वाण तेथील उंदरांच्या एका कुळांत १९४८ सालीं आपोआप उद्भवला होता. आई आणि बाप दोघांकडूनहि सदोष जनुक आलें तरच पिलूं डळमळे. एकाकडूनच आलें तर तें वरकरणी धडधाकट दिसे. फाल्कनर यांनीं हा वाण टाकून न देतां जोपासला, आणि म्हणूनच पुढील संशोधकांच्या हातीं तो पडला. येथें एक लहानशी गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ज्या नियतकालिकांत तो निबंध आला त्याचे संपादक त्या वेळीं जे. बी. एस. हॉल्डेन हे होते. इ. स. १९५७ सालीं हॉल्डेन इंग्लंड सोडून कलकत्त्यास आले, पुढें भारताचे नागरिक झाले, आणि आपल्यासमवेत तें नियतकालिकहि घेऊन आले. आज तें बंगळूरच्या इंडियन ॲकॅडेमी ऑफ सायन्सेस ह्या संस्थेच्या वतीनें निघतें.

आतां मेंदूची रचना कशी होते तें थोडक्यांत पाहूं. मेंदूच्या बाह्य पटलाचे सहा थर असतात. परंतु मज्जापेशी कांहीं त्या थरांत जन्मत नाहींत. त्या जन्मतात आंतल्या पोकळीच्या कांठाशीं, आणि तेथून बाहेरच्या दिशेनें चालत जाऊन त्यांना आपली जागा गांठावी लागते. १९६१ सालीं अमेरिकेंत अँजेव्हिन आणि सिडमन ह्या दोघांनीं उंदरांच्या पेशींना त्यांच्या जन्माच्या वेळींच किरणोत्सर्गी खूण लावून ह्या प्रवासाचा क्रम निश्चित केला. जी पेशी आधीं जन्मते ती आंतल्या थरांत बसते. मागून येणारी तिच्या बाजूनें वाट काढून तिच्या पलीकडे, बाहेरच्या थरांत बसते. मोठ्या घरच्या पंगतींत आधीं आलेल्यांनीं आंतल्या पानांवर बसावें आणि मागून येणाऱ्यांनीं त्यांच्यामधून वाट काढीत पुढच्या ओळींत जावें, तसाच हा प्रकार. रीलर उंदराच्या मेंदूंत हा क्रम बहुतांशीं उलटा झालेला असतो. मागून येणाऱ्या पेशींना पुढें सरकतां येत नाहीं. त्या आधींच्यांच्या पाठीमागेंच खोळंबतात. बोस्टन येथील व्हर्न कॅव्हिनेस यांनीं आणि इतरांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही उलथापालथ बारकाईनें रेखाटली. लहान मेंदूंतील पेशीहि अशाच आंत अडकून पडल्यामुळें तो भाग खुरटलेला राहतो, आणि त्यामुळेंच त्या बिचाऱ्या उंदराचा तोल सांवरत नाहीं.

ह्या संदर्भांत डीलाँग आणि सिडमन यांनीं १९७० सालीं केलेला एक प्रयोग मोठा मार्मिक आहे. उंदराच्या गर्भाच्या मेंदूंतील पेशी त्यांनीं एकमेकींपासून सुट्या केल्या आणि पोषक द्रवांत फिरत ठेवल्या. निरोगी पेशी पुन्हां एकत्र आल्या आणि, जणूं जुनी जागा आठवत असावी अशा रीतीनें, ओळ धरून उभ्या राहिल्या. रीलरच्या पेशीहि एकत्र आल्या. पण त्यांना ओळ धरतां आली नाहीं. यावरून एवढें स्पष्ट झालें कीं, पेशी एकमेकींना ओळखतात, धरतात आणि सोडतात, आणि ह्या ओळखींतच रीलरच्या मेंदूंत कांहीं तरी उणें आहे. त्याच दशकांत न्यूयॉर्कचे जेराल्ड एडेलमन आणि जपानचे मासातोशी ताकेइची यांनीं पेशींना परस्परांशीं चिकटविणाऱ्या प्रथिनांचा शोध लावला. इमारतीच्या दगडांमधला चुना असावा तशीं हीं प्रथिनें आहेत. मात्र गवंड्याचा चुना एकदां लागला कीं कायमचा; पेशींचा चुना हुकमाबरहुकूम घट्ट होतो आणि हुकमाबरहुकूम सैल पडतो. मग हा हुकूम कोणाचा?

उत्तर मिळालें तें बऱ्याच अंशीं योगायोगानें. अमेरिकेंतील नटली येथें रोश इन्स्टिट्यूटमध्यें टॉम करन आणि त्यांचे सहकारी एका अगदीं निराळ्या जनुकाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं त्यांनीं उंदरांच्या आनुवंशिक द्रव्यांत जनुकाचा एक तुकडा बाहेरून घातला. त्यांपैकीं एका कुळांतील पिलें झोकांड्या खाऊं लागलीं! तो उपरा तुकडा नेमका रीलरच्या जनुकांतच जाऊन बसला होता आणि त्यानें त्या जनुकाचा भंग केला होता. उपऱ्या तुकड्याची खूण ओळखीची असल्यामुळें तिच्या आधारानें शेजारचें अज्ञात जनुक शोधणें सोपें झालें. १९९५ सालीं डार्कांजेलो, करन आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाची ओळख जाहीर केली आणि त्याला रीलिन हें नांव दिलें.

त्याच वर्षीं जपानांत मासाहारू ओगावा, कात्सुहिको मिकोशिबा आदि संशोधक दुसऱ्याच वाटेनें त्याच ठिकाणीं पोंचले. त्यांची युक्ति सांगण्यासारखी आहे. रीलर उंदराच्या शरीरांत जें द्रव्य मुळांतच नाहीं तें त्याच्या शरीराला परकें वाटणार. म्हणून त्यांनीं निरोगी उंदराच्या मेंदूचा अंश रीलर उंदराला टोंचला. अपेक्षेप्रमाणें रीलरच्या रक्तानें त्या परक्या द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार केलें. हें प्रतिद्रव्य निरोगी मेंदूंत कोठें जाऊन चिकटतें तें पाहिलें, तों तें चिकटलें काहाल-रेट्झियस पेशींना! शंभर वर्षें ज्यांचें काम ठाऊक नव्हतें, त्या अर्भकावस्थेंतील पाहुण्या पेशीच हें प्रथिन स्रवतात. पंगतीच्या टोकाला उभा राहून ‘तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे’ असें सांगणारा यजमान अखेर सांपडला.

हें प्रथिन आकारानें प्रचंड आहे. मधुमेहावरील इन्शुलिनच्या रेणूंत ५१ अमिनो आम्लें असतात. मानवी रीलिनच्या साखळींत तीं ३,४६० आहेत. पेशी तें बाहेर सोडते आणि पेशींच्या मधल्या अवकाशांत तें आपलें काम करतें. तें स्वतः चुना नाहीं. चुना केव्हां व कोठें धरावा हें सांगणारा तो मुकादम आहे. त्याचा निरोप पेशीच्या आंत कसा पोंचतो, तें पुढील चार-पांच वर्षांत उलगडत गेलें. १९९७ सालीं असें आढळलें कीं, रीलिन असूनहि कांहीं उंदीर रीलरप्रमाणेंच डळमळतात; त्यांच्यांत पेशीच्या आंतील डॅब-१ नांवाचें प्रथिन नसतें. म्हणजे निरोप दाराशीं येतो, पण घरांत तो घेणारा कोणी नसतो. मग दार कोणतें? १९९९ सालीं डॅलस येथील जोआखिम हेर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, अशीं दारें दोन आहेत, आणि तीं दोन्ही काढून टाकलीं तर अगदीं रीलरसारखाच उंदीर जन्मास येतो. पुढें २०११ व २०१२ सालच्या संशोधनानें साखळीचा शेवटचा दुवाहि जोडला. रीलिनचा निरोप मिळतांच पेशी आपल्या पृष्ठावरील कॅढेरिन आणि इंटेग्रिन ह्या चिकटविणाऱ्या प्रथिनांची पकड बदलते, आणि योग्य ठिकाणीं पोंचून स्थिर होते. संदेश आणि पकड ह्या दोन गोष्टी येथें एकाच कामाचीं दोन अंगें ठरल्या.

माणसांतहि ह्याची प्रचीति आली. २००० साली बोस्टनच्या क्रिस्टोफर वॉल्श यांच्या सहकाऱ्यांनीं दोन कुटुंबांतील अशा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली कीं, ज्यांच्यांत आईबापांकडून आलेलीं रीलिनचीं दोन्ही जनुकें सदोष होतीं. त्यांच्या मेंदूच्या वळ्या नीट पडलेल्या नव्हत्या आणि लहान मेंदू खुरटलेला होता. उंदराची झोकांडी ही केवळ उंदराची गोष्ट राहिली नाहीं.

येथवर रीलिनचें काम बांधकामाचें दिसतें. आणि बांधकाम संपलें कीं मुकादमाला निरोप द्यावयाचा असतो. काहाल-रेट्झियस पेशी खरोखरच बहुतेक निघून जातात. परंतु रीलिन जात नाहीं! प्रौढ मेंदूंत दुसऱ्याच पेशी तें स्रवूं लागतात. ह्या गोष्टीचा अर्थ लागण्यास वर सांगितलेल्या दोन दारांनींच मदत केली. हीं दारें एका प्रसिद्ध घराण्यांतलीं आहेत. रक्तांतील कोलेस्टेरॉल पेशींत घेणारें जें दार, त्याच्या शोधाबद्दल डॅलसच्याच मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रीलिनचीं दारें त्या दाराचीं भावंडें. ह्या घराण्याच्या दारांशीं ॲपोलिपोप्रोटीन ई नांवाचें, स्निग्ध द्रव्यें वाहून नेणारें प्रथिनहि येतें. ह्याच प्रथिनाचा ई-४ नांवाचा प्रकार ज्यांच्या वांट्याला येतो त्यांना अल्झायमरच्या रोगाचा धोका अधिक असतो, असें १९९३ सालीं ड्यूक विद्यापीठांतील ॲलन रोझेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें होतें. मेंदू बांधणारा मुकादम आणि म्हातारपणीं स्मृति ढासळण्याशीं संबंध असलेला हा हमाल, दोघेहि एकाच दारांतून ये-जा करतात! १९९९ सालीं हें ध्यानांत येतांच दोन वेगळ्या शास्त्रांचे रस्ते एकमेकांना येऊन मिळाले.

त्यानंतर जें कळलें त्याचा सारांश असा. प्रौढ मेंदूंत रीलिनचा निरोप मज्जापेशींमधील सांधे बळकट करतो. नवी गोष्ट शिकतांना जे सांधे दृढ व्हावे लागतात, त्यांना तो साहाय्य करतो, असें २००२ सालीं उंदरांवर दिसून आलें. दुसरें असें कीं, हाच निरोप पेशीच्या आंत एका विकराला लगाम घालतो. हा विकर मोकाट सुटला म्हणजे टाउ प्रथिनाला फॉस्फेटचे बिल्ले प्रमाणाबाहेर चिकटवितो, आणि असें बिल्ले चिकटलेलें टाउ आपली जागा सोडून गुंते करूं लागतें, डॉ. अल्झायमर यांनीं पाहिलेले गुंते ते हेच. तिसरें, ॲमिलॉइड सांध्यांना जी इजा करतें तिला रीलिन विरोध करतें, हें हेर्ट्स यांच्या प्रयोगशाळेनें २००९ सालीं दाखविलें. आणि चौथें, ई-४ हा प्रकार रीलिनचीं दारें पेशीच्या आंत अडकवून ठेवतो, त्यामुळें निरोप घेण्यास पृष्ठावर दारच उरत नाहीं, असें त्याच प्रयोगशाळेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलें.

२०१५ सालचा एक प्रयोग तर ह्या सर्वांची कसोटी पाहणारा होता. उंदीर पूर्ण वाढल्यावर, म्हणजे मेंदूचें बांधकाम निर्वेध पार पडल्यावर, त्यांचें रीलिन काढून घेतलें. मेंदूची रचना शाबूत राहिली आणि उंदीर फारसे बिघडलेले दिसले नाहींत. परंतु त्यांच्यांत ॲमिलॉइडचा भार असतांच त्यांची शिकण्याची आणि स्मरणाची शक्ति सहज खचली. राखणदार नसला तरी घर एकदम पडत नाहीं. पण चोर आला म्हणजे त्याची उणीव कळते.

आतां हा रोग मेंदूंत प्रथम शिरतो कोठून, तें पाहूं. कानशिलाच्या आंतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नांवाच्या स्मृतिस्थानाच्या उंबरठ्यावर, एंटोरायनल पटल नांवाचा एक भाग आहे. बाहेरचा बहुतेक अनुभव ह्या उंबरठ्यावरून स्मृतिस्थानांत जातो. जर्मनींतील हाइको व एव्हा ब्राक ह्या दांपत्यानें १९९१ सालीं टाउच्या गुंत्यांचा क्रम ठरविला. त्या क्रमांत ह्या भागाचा नंबर अगदीं आरंभीं लागतो. १९९६ सालीं बोस्टनमध्यें मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत असें आढळलें कीं, रोग अत्यंत सौम्य असतांनाच ह्या भागाच्या दुसऱ्या थरांतील सुमारें ६० टक्के मज्जापेशी नाहींशा झालेल्या असतात. आणि हा दुसरा थर तोच, कीं ज्यांतील पुष्कळशा पेशी रीलिन बनवितात! २०२४ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनीं ४८ मृत व्यक्तींच्या मेंदूंतील सहा भागांची पेशीगणिक तपासणी केली. तींतहि रीलिन बनविणाऱ्या ह्या उत्तेजक पेशी रोगाला विशेष बळी पडतात असें दिसून आलें. पहारेकरीच प्रथम पडतो, आणि मग वाड्यांत शिरकाव होतो.

ह्या पार्श्वभूमीवर आपण कोलंबियाच्या त्या पुरुषाकडे वळूं. त्या देशाच्या अँटिओकिया प्रांतांत डोंगराळ गांवीं पसरलेलें एक मोठें कुळ आहे. त्यांतील कित्येकांना चाळिशींतच विस्मृति जडते. मधलें वय सुमारें ४४, आणि एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास तिचें रूपांतर पूर्ण बुद्धिभ्रंशांत होतें. लोक त्याला शाप समजत आले होते. मेडेलिन येथील डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनीं १९८० नंतरच्या दशकापासून ह्या कुळाचा माग काढला, घरोघर जाऊन वंशावळी जुळविल्या, आणि २०२४ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत तें काम सोडलें नाहीं. रोगाचें मूळ प्रिसेनिलिन-१ नांवाच्या जनुकांतील एका दोषांत आहे हें १९९५ सालीं निश्चित झालें. कुळाचा विस्तार सुमारें ६,००० माणसांचा असून त्यांपैकीं सुमारें १,२०० जणांत हा दोष आढळला आहे.

एवढ्या लोकांतून दोघेजण अपवाद निघाले. पहिली एक स्त्री. तिची हकीकत २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. दोष असूनहि सत्तरीपर्यंत तिची स्मृति टिकली, आणि तिच्यांत ॲपोलिपोप्रोटीन ई चा एक अतिदुर्मिळ प्रकार दोन्ही बाजूंनीं आलेला होता. दुसरा हा पुरुष. ६७ वर्षांचा होईपर्यंत त्याची बुद्धि शाबूत राहिली. त्याच्यांत त्या स्त्रीचा दुर्मिळ प्रकार नव्हता. परंतु त्याच्या रीलिनच्या साखळींत, शेपटाजवळ ३,४४७ व्या स्थानीं, एक अमिनो आम्ल बदललेलें होतें. संशोधकांनीं कोलंबिया आणि बोस्टन ह्या दोन्ही नांवांवरून ह्या बदलाला ‘कोलबोस’ म्हटलें. हा बदल उंदरांत घालून पाहतां डॅब-१ ला मिळणारा निरोप अधिक जोरकस झाला आणि टाउला चिकटणारे फॉस्फेटचे बिल्ले कमी झाले.

सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. त्या पुरुषाच्या मेंदूंत ॲमिलॉइडचा गाळ कमी नव्हता. तो अतिशय सांचलेला होता. कमी होते ते एंटोरायनल पटलांतील टाउचे गुंते. गाळ आला, पण उंबरठा राखला गेला. २०२३ सालीं अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळालेलें लेकॅनेमाबसारखें औषध गाळ उपसण्याचें काम करतें, आणि त्यानें रोगाची गति कांहींशी मंदावते. पण ह्या एका माणसानें दाखविलें कीं, गाळ तसाच असतांहि घर टिकूं शकतें. रोगाशीं झगडण्याच्या दोन वाटा असूं शकतात: आक्रमकाला हटविणें ही एक, आणि राखणदाराला बळ देणें ही दुसरी.

येथें उत्साहाला आवर घातला पाहिजे. हा पुरावा मुख्यतः एका माणसाचा आहे. त्याच्या बहिणीच्या अंगींहि तोच बदल होता. तिला मात्र त्याचें संरक्षण पुष्कळच कमी लाभलें. रीलिनचें औषध म्हणून कोणतीहि गोळी वा पूड आज वैद्यांच्या हातीं नाहीं. एवढें प्रचंड प्रथिन तोंडावाटें घेतलें तर तें जठरांत डाळींतल्या प्रथिनासारखें पचून जाईल. मेंदूपर्यंत पोंचणार नाहीं. म्हणून ह्या नांवानें कोणी कांहीं विकूं लागला तर सुशिक्षित कुटुंबांनीं पैशाची पिशवी घट्ट धरावी, हें बरें. संशोधकांचा प्रयत्न आहे तो रीलिनचा निरोप पेशीच्या दारांत अधिक परिणामकारक रीतीनें कसा पोंचेल, ह्या दिशेनें.

तरी ह्या इतिहासांतून एक गोष्ट आजच आपल्या पदरांत पडते. घरांतील वडील माणूस एकच प्रश्न चार वेळां विचारतें, ओळखीचा चेहरा विसरतें, किल्ली भलतीकडे ठेवतें, तेव्हां आपण कित्येकदां त्याला हट्ट म्हणतों, आळस म्हणतों, आणि मागें कोणी कोणी त्याला गतजन्मींचें पापहि म्हणत. पण उंबरठ्यावरच्या कांहीं थोड्या पेशी पडल्या, एका निरोपाची ये-जा थांबली, तर माणसाचें आयुष्यभराचें संचित कसें विस्कटतें, हें आतां आपण पाहिलें. तेथें दोष देण्याजोगें कांहीं नाहीं. सांवरून धरण्याजोगें मात्र पुष्कळ आहे.

आणखी एक विचार मनांत येतो. जें द्रव्य गर्भांत प्रत्येक पेशीला तिची जागा दाखवितें, तेंच उतारवयांत त्या पेशींचे सांधे राखतें. निसर्गानें बांधणी आणि राखण ह्यांसाठीं दोन वेगळे हात नेमले नाहींत. ज्ञानाचें बांधकामहि असेंच झालें आहे. काहाल यांनीं ज्यांचें काम कळलें नाहीं त्या पेशी टिपून ठेवल्या. फाल्कनर यांनीं ज्याचा उपयोग दिसत नव्हता तो उंदीर जोपासला. अँटिओकियाच्या खेड्यांतील कुटुंबांनीं आपल्या दुःखाची कवाडें उघडून आपल्या मृतांचे मेंदूहि शास्त्राच्या हवालीं केले. ह्यांपैकीं कोणालाच पुढची ओळ दिसत नव्हती. तरी प्रत्येकानें आपल्या जागचा दगड नीट बसविला, म्हणून आज स्मृतीच्या उंबरठ्यावर कोण उभा असतो तें आपल्याला सांगतां येतें.